बटण वेळेवर, उडी उशिरा: जुन्या गेममधला लॅग कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "हा गेम एकेकाळी डोळे झाकून खेळायचो, आता पहिल्याच खड्ड्यात पडतो." त्यावर एक जण सांगतो, इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) सोड, मूळ कन्सोल घे. दुसरा म्हणतो, वय झालं तुझं. तक्रार करणारा खरंच मूळ कन्सोल मिळवतो, नव्या मोठ्या टीव्हीला जोडतो, आणि उडी पूर्वीपेक्षाही उशिरा पडायला लागते.

माझं मत आधीच सांगतो. दोष सगळ्यात जास्त वेळा टीव्हीत किंवा टीव्ही आणि कन्सोल यांच्यामध्ये लावलेल्या डबीत असतो. त्यानंतर इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये. मूळ कन्सोलच्या पोटात जवळजवळ कधीच नसतो. म्हणून मूळ मशीन की इम्युलेटर हा वाद घालण्याआधी वेळ नेमका कुठे जातोय ते मोजायचं. मोजायला महागडं काहीच लागत नाही.

आधी खात्री करा की हा लॅगच आहे

'गेम स्लो वाटतो' या तीन शब्दांत चार वेगवेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

खरा लॅग म्हणजे गेम सुरळीत चाललेला असतो, पण बटण आणि पडद्यावरची हालचाल यांच्यात कायम सारखंच अंतर असतं. शत्रू दोन असोत की दहा, अंतर तेवढंच.

पडद्यावर गर्दी झाली की सगळंच रेंगाळत असेल, तर तो स्लोडाउन. सुपर निन्टेन्डोवरचा ग्रेडियस ३ यासाठी प्रसिद्ध आहे. तो मूळ मशीनवरच रेंगाळतो, कारण एका फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राच्या, वेळात प्रोसेसरचं काम संपत नाही. इम्युलेटरवर तो रेंगाळला तर इम्युलेटर बरोबर काम करतोय असं समजा. अजिबात रेंगाळला नाही, तर कुठेतरी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याचा, म्हणजे मूळ वेगापेक्षा जोरात पळवण्याचा, पर्याय चालू आहे.

सगळा गेम, संगीतासकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा मंद असेल तर ते पालचं प्रकरण. पाल आणि एनटीएससी या जुन्या टीव्हीच्या दोन पद्धती. पाल पद्धतीचे कन्सोल सेकंदाला ५० वेळा चित्र काढायचे, एनटीएससीचे ६० वेळा. पालसाठी गेम काढताना अनेक कंपन्यांनी वेग जुळवून घेतलाच नाही, त्यामुळे तोच गेम सुमारे १७ टक्के हळू चालतो. १९९१ चा सॉनिक द हेजहॉग पालच्या मेगा ड्राइव्ह या सेगाच्या कन्सोलवर असाच सुस्त चालतो. तुमच्याकडच्या फाइलच्या किंवा कार्ट्रिजच्या नावात 'युरोप' असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. २०१८ साली आलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या कन्सोलमध्ये २० पैकी ९ गेम पालचे भरले होते आणि विकत घेणारे लॅग लॅग म्हणून ओरडत होते. असल्या 'मिनी' कन्सोलच्या डब्यावर मूळ कंपनीचं नाव असतं, पण आत इम्युलेटरच असतो, हेही लक्षात ठेवा.

चौथा प्रकार म्हणजे ठरावीक वेळाने बसणारा हिसका. मागचं दृश्य सरकताना दर काही सेकंदांनी किंचित अडखळतं. एनईएस (निन्टेन्डोचा सुपर निन्टेन्डोच्या आधीचा कन्सोल) आणि सुपर निन्टेन्डो अगदी ६० ला नाही, ६०.०९८८ हर्ट्झला चालतात. पडदा ६० चा असेल तर साधारण दर दहा सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची होते आणि ती कुठेतरी टाकून द्यावी लागते. चांगले इम्युलेटर गेमचा वेग आणि आवाज किंचित ताणून ही फट बुजवतात. आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या, बाबतीत फट मोठी असू शकते. मॉर्टल कॉम्बॅट सुमारे ५४.७ हर्ट्झला चालतो, आणि तो साध्या ६० च्या पडद्यावर अडखळणारच. तिथे उपाय एकच, फ्रीसिंक किंवा जी-सिंकसारखा बदलता रिफ्रेश रेट असलेला पडदा आणि इम्युलेटरमधला गेमच्या मूळ फ्रेमरेटला जुळवून घेण्याचा पर्याय.

एक पाचवी शंका मूळ कंट्रोलरवाल्यांसाठी. उडी कधी वेळेवर पडते, कधी पडतच नाही, असं असेल तर तो लॅग नव्हे. बटणाखालचा रबरी पॅड झिजलाय किंवा सर्किटवर मळ बसलाय. कंट्रोलर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा. तरीही फरक पडला नाही तर पॅड बदला. लॅग असा लहरी नसतो.

शून्य लॅग कुणाकडेच नव्हता

मोजमाप घेण्याआधी हे कळायला हवं, नाहीतर चुकीच्या आकड्यामागे धावाल. एनईएसचा चित्र काढणारा चिप पूर्ण फ्रेम कुठे साठवून ठेवत नाही. बिंदू तयार झाला की तो तारेवर जातो, आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही तो तिथल्या तिथे काचेवर उमटवतो. या भागात उशीर व्हायला जागाच नाही. पण गेम स्वतः बटणं साधारणपणे फ्रेममधून एकदाच वाचतो, मग हिशेब करतो, पात्राची नवी जागा दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या वेळात लिहितो, आणि ती पुढच्या फ्रेममध्ये दिसते. एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे ट्यूबच्या टीव्हीवरसुद्धा बटण ते पडदा या प्रवासाला एक-दोन फ्रेम जायच्याच. काही गेमचा कोड त्याहून आळशी आहे.

थ्रीडी जमान्यात हा आकडा वाढला. निन्टेन्डो ६४ वरचा १९९८ चा ऑकॅरिना ऑफ टाइम सेकंदाला २० फ्रेम दाखवतो, म्हणजे त्याची एक फ्रेम ५० मिलिसेकंदांची. तो हाताला जड लागला तर टीव्हीला शिव्या देऊ नका. लॅग तपासायला जुना, टूडी, ६० फ्रेमचा गेमच घ्यावा. एनईएसवरचा १९८७ चा पंच-आउट!! या कामाला उत्तम आहे, कारण पुढचे प्रतिस्पर्धी बुक्का चुकवायला इतका कमी वेळ देतात की दोन-तीन फ्रेमचा उशीर लगेच अंगाशी येतो.

मोजायचं कसं

फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर काम झालं. कंट्रोलर पडद्याच्या पुढ्यात असा धरा की बटण आणि पात्र दोन्ही एकाच चौकटीत येतील. उडीचं बटण ठळकपणे, झटक्यात दाबा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण खाली बसल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. फोनची एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची, म्हणजे फोनच्या चार फ्रेम बरोबर गेमची एक. बटण गेमच्या फ्रेममध्ये नेमकं कुठल्या क्षणी दाबलं गेलं त्यावर उत्तर एका फ्रेमने इकडेतिकडे होतं, म्हणून दहाएक वेळा मोजून सरासरी घ्या. पात्र पडद्यावर कुठे आहे तेही पाहा. टीव्ही वरून खाली रंगवत जातो, त्यामुळे तळाशी असलेलं पात्र वरच्यापेक्षा जवळजवळ एक फ्रेम उशिरा दिसतं.

मूळ कन्सोल असेल आणि त्यावर स्वतःचे प्रोग्रॅम चालवता येणारं कार्ट्रिज असेल, तर आर्तेमियो उर्बिना यांचा २४०पी टेस्ट सूट टाका. त्यात हाताने करायची लॅगची चाचणी आहे: दोन आकृत्या एकमेकींवर आल्या की बटण दाबायचं, शेवटी सरासरी किती चुकली ते तो सांगतो. आवाज बंद करून करा. आवाज चालू असला की कान मदत करतात आणि निकाल खोटा चांगला येतो.

इम्युलेटरवाल्यांना आणखी एक सोय आहे, आणि ती मूळ मशीनवाल्यांकडे नाही. रेट्रोआर्क या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कीबोर्डवरचं 'पी' दाबून गेम थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि 'के' दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र तिसऱ्या फ्रेमला हललं तर दोन फ्रेमचा उशीर गेमच्या स्वतःच्या कोडमधला आहे. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वजाबाकी करा. फोनने दाखवलेल्या एकूण उशिरातून गेमचा स्वतःचा उशीर काढला की उरतं ते टीव्ही, डबी, कंट्रोलर आणि इम्युलेटर यांचं. ते उरलेलं दोन फ्रेमच्या आत असेल तर खुशाल खेळा. पाच-सहा फ्रेम असेल तर पुढे वाचा.

टीव्ही

सपाट टीव्ही पूर्ण फ्रेम आत घेतो, तिचा आकार बदलतो, गोंगाट काढतो, मधल्या काल्पनिक फ्रेम बनवतो आणि मग दाखवतो. चित्रपटाला याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो. गेमला बिघडतं. ही बरीचशी प्रक्रिया टाळणारा गेम मोड टीव्हीच्या मेनूत असतो. तो बंद असलेल्या टीव्हीत ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. तोच टीव्ही गेम मोडमध्ये टाकला की बहुतेक नव्या संचांत हे १० ते २० वर येतं. एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याही उपायाने पडत नाही, आणि याला एक पैसा लागत नाही.

तरीही तो फसतो, कारण गेम मोड प्रत्येक इनपुटसाठी वेगळा असतो. पहिल्या एचडीएमआयला लावलेला गेम मोड दुसऱ्याला लागू होत नाही. काही टीव्हींत इनपुटचं नाव 'पीसी' असं बदललं की बरीच प्रक्रिया आपोआप बंद होते. नवे कन्सोल टीव्हीला गेम मोडमध्ये जाण्याची खूण स्वतः पाठवतात. तुमचा तीस वर्षांचा कन्सोल ती पाठवणार नाही आणि मधली स्वस्त डबीही नाही, तेव्हा हाताने चालू करा. मोशन स्मूदिंग, म्हणजे त्या मधल्या काल्पनिक फ्रेम बनवणं, वेगळं बंद करावं लागतं का तेही बघा.

ट्यूबचा टीव्ही म्हणजे आपोआप लॅगमुक्ती असंही धरू नका. शेवटच्या काळात आलेले १०० हर्ट्झचे आणि एचडी ट्यूब टीव्ही चित्र आधी डिजिटल करून घेतात, आणि त्यांच्यात उशीर येतो. साधा, जुना, जड संच या कामाला सरस.

मूळ कन्सोल आणि सपाट टीव्ही यांच्यातली डबी

जुने कन्सोल २४०पी नावाचा संकेत पाठवतात, म्हणजे प्रत्येक वेळी २४० ओळींचं पूर्ण चित्र. टीव्हीच्या ठरलेल्या नियमांत असा संकेत नव्हता. तिथे ४८०आय होता: आधी विषम ओळी, मग सम, आणि दोन्ही मिळून एक चित्र. बरेच सपाट टीव्ही आणि जवळजवळ सगळ्या स्वस्त एव्ही-ते-एचडीएमआय डब्या २४०पी ला ४८०आय समजतात आणि दोन चित्रं शिवून एक करायला बसतात. या शिलाईत वेळ जातो आणि चित्रही बिघडतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. मार लागल्यावर पात्र लुकलुकतं ना, तेव्हा पाहा. लुकलुकण्याऐवजी त्याच्यावर आडव्या रेघा दिसल्या, किंवा ते पूर्ण गायब झालं, किंवा मुळीच लुकलुकलं नाही, तर कुणीतरी शिवणकाम करतंय. मेनूत काहीही बदललं तरी हे जाणार नाही. डबीच बदलावी लागेल.

बदलायची तर ओळी वाढवणारी घ्यावी, चित्र साठवणारी नव्हे. ओएसएससी नावाचं खुल्या आराखड्याचं यंत्र येणारी प्रत्येक ओळ दोन, तीन, चार वेळा छापून लगेच पुढे ढकलतं. उशीर काही ओळींपुरता, म्हणजे नगण्य. मात्र कन्सोलचा विचित्र ६०.०९८८ हर्ट्झचा वेग ते तसाच टीव्हीला देतं आणि काही टीव्ही तो नाकारून 'सिग्नल नाही' म्हणतात. रेट्रोटिंक ५एक्समध्ये दोन्ही सोयी आहेत: फ्रेम लॉक ठेवलं तर उशीर किमान, ट्रिपल बफर ठेवलं तर टीव्ही कुरकुर करत नाही पण उशीर वाढतो. कुणी घेऊनही लॅगची तक्रार करत असेल तर तो ट्रिपल बफरवर आहे का ते आधी विचारा.

आणि एक गैरसमज. महागडी आरजीबी केबल किंवा एस-व्हिडिओ लावून लॅग जात नाही. त्याने रंग आणि कडा सुधारतात, खूप सुधारतात, पण वेळ केबलमध्ये जातच नव्हता.

इम्युलेटर

आता टीव्ही गेम मोडमध्ये आहे असं धरून चालू. नसेल तर हे सगळं वाचून काही हाती लागणार नाही.

खिडकीत गेम चालवू नका. डेस्कटॉपची चित्र जुळवणारी यंत्रणा मध्ये एक फ्रेम खाऊ शकते, म्हणून एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीन ठेवा. रेट्रोआर्कमध्ये व्हिडिओ ड्रायव्हर व्हल्कन असेल तर स्वॅपचेन इमेजेसची कमाल संख्या दोनवर आणा. ओपनजीएल असेल तर हार्ड जीपीयू सिंक चालू करा. दोन्हींचा उद्देश एकच आहे: तयार फ्रेम रांगेत उभ्या राहू नयेत. लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये असेल तर या सेटिंगांनी गेम अडखळेल आणि लोक पुन्हा सेटिंगलाच दोष देतील, तेव्हा चार्जर लावून तपासा.

त्यानंतर फ्रेम डिले. नाव ऐकून हा उशीर वाढवेल असं वाटतं, होतं उलटं. इम्युलेटर फ्रेमच्या सुरुवातीलाच बटणं वाचून मोकळा न होता काही मिलिसेकंद थांबतो आणि शक्य तितक्या उशिरा वाचतो, म्हणजे तुमचं ताजं बटण त्याच फ्रेममध्ये पकडलं जातं. आपोआप ठरवण्याचा पर्याय असेल तर तोच ठेवा.

एवढ्याने बहुतेकांचं समाधान व्हावं. नाही झालं तर रन-अहेड, आणि हा प्रकार खरोखर हुशारीचा आहे. रेट्रोआर्कमध्ये तो २०१८ साली आला. इम्युलेटर गेमची अवस्था जतन करतो, तुमचं बटण धरून गेम गुपचूप काही फ्रेम पुढे पळवतो, पुढची फ्रेम तुम्हाला दाखवतो आणि जतन केलेल्या अवस्थेवर परत येतो. गेमच्या कोडमधला स्वतःचा उशीरच त्यामुळे कापला जातो. आधी 'पी' आणि 'के' दाबून काढलेला आकडा इथे भरायचा. दोन आला असेल तर दोनच. तीन भरला की उडीच्या हालचालीतल्या सुरुवातीच्या फ्रेम गाळल्या जातात आणि पात्र एका जागेवरून दुसरीकडे टपकल्यासारखं दिसतं. आवाज खरखरायला लागला तर दुसऱ्या इन्स्टन्सचा पर्याय लावा. पुढे पळवलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरला खरोखर चालवावी लागते, त्यामुळे छोट्या, स्वस्त बोर्डांना हे झेपत नाही. त्यांच्यासाठी प्रीएम्प्टिव्ह फ्रेम्स हा पर्याय हलका पडतो, कारण तो बटणाची स्थिती बदलली तरच मागे जाऊन हिशेब करतो.

रन-अहेडने मूळ मशीन आणि ट्यूब टीव्हीपेक्षाही कमी उशीर मिळू शकतो. याला फसवणूक म्हणणारे आहेत. माझ्या मते टीव्हीने खाल्लेला वेळ भरून काढण्यापुरतं ते रास्त आहे. गेम बनवणाऱ्यांनी जो उशीर गृहीत धरून शत्रूंचा वेग ठरवला, त्याच्याही खाली उतरून विक्रम मिरवायचे असतील तर तसं सांगून मिरवावेत.

कंट्रोलर आणि आवाज थोडक्यात. यूएसबीचा कंट्रोलर साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, म्हणजे सरासरी चारेक मिलिसेकंद. त्यावर डोकं शिणवू नका. ब्लूटूथ मात्र कंट्रोलरागणिक वेगळं वागतं, म्हणून एकदा तारेने जोडून पुन्हा मोजा. ब्लूटूथ हेडफोन तर लावूच नका. त्यांचा आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे असू शकतो आणि उडीचा आवाज मागून आला की उडीच उशिरा पडली असं मेंदू ठरवून टाकतो. चित्र ठीक, आवाज मागे, अशा तक्रारी लॅगच्या नावाखाली सर्रास येतात. इम्युलेटरमधली ऑडिओ लेटन्सी ६४ मिलिसेकंदांवर असेल तर खरखर सुरू होईपर्यंत थोडी थोडी खाली आणा.

एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारा चिप, वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. मिस्टर हा प्रकल्प डीई१०-नॅनो बोर्डावर कन्सोलची सर्किटंच नव्याने उभी करतो आणि त्यात डेस्कटॉपची रांग नसते, हे खरं. पण तोही त्याच टीव्हीला जोडला जातो. त्याच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये व्हीसिंक ॲडजस्ट नावाची ओळ आहे. शून्यावर टीव्हीला नेहमी मानवतं पण उशीर जास्त, दोनवर उशीर सगळ्यात कमी पण काही टीव्ही चित्रच दाखवत नाहीत. दोनपासून सुरू करा, चित्र आलं नाही तर एकवर या.

काहीही केलं तरी न सुटणारा एक प्रकार

बंदुकीचे गेम. १९८४ च्या डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड अपेक्षित फ्रेममध्येच दिसला का ते पाहतो. शिवाय तो ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच दाद देईल असा बनवलाय. सपाट टीव्हीवर उजेड उशिरा येतो आणि तशी लुकलुक नसतेच, त्यामुळे गेम मोड, महाग डबी, रन-अहेड यांपैकी काहीही लावलं तरी मूळ बंदुकीची गोळी लागणार नाही. इथे दोनच वाटा आहेत. मूळ बंदूक हवी असेल तर ट्यूबचा टीव्ही शोधा. सपाट पडदाच ठेवायचा असेल तर इम्युलेटर आणि सिंडेनसारखी कॅमेऱ्यावर चालणारी बंदूक घ्या. ती पडद्याभोवती काढलेली पांढरी चौकट पाहून नेम ठरवते, म्हणून चौकट दाखवण्याचा पर्याय चालू आहे ना, आणि मागच्या खिडकीतून पडद्यावर प्रकाश पडत नाही ना, एवढं आधी बघा.